तिसऱ्या मजल्यावरची भरती

आमचे दस्तगीरमामा राहतात कोल्हापुरात, पण घड्याळ समुद्राचं पाळतात. "मामा, उद्या सकाळी घरी आहात का?" असं फोनवर विचारलं, तर ते आधी भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे बघतात आणि सांगतात, "नवाच्या आत या, न्हाईतर अकरानंतर. मधी भरती हाय."

समुद्र त्यांच्या घरापासून एक अख्खा घाट उतरून पलीकडे आहे. मामा राहतात उपनगरातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यांच्या गॅलरीतून दिसतं ते उसाचं शिवार आणि वीटभट्टीचा धूर. तरीही भरतीच्या वेळेला ते पश्चिमेला तोंड करून खुर्ची टाकून बसतात. त्या वेळात ते दाढी करत नाहीत, जेवत नाहीत. एकदा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पाणी गळतंय म्हणून भांडायला आले, तर मामांनी त्यांना दुसरी खुर्ची दिली. "बसा जरा. पाणी चढतंय. उतरल्यावर भांडू." गृहस्थ बसले. चहा झाला. पाणी उतरेपर्यंत त्यांचा रागही उतरला आणि आपण कशासाठी आलो होतो ते विसरून ते खाली गेले. गळती अजून आहे.

"हेंच्या पोटात खाडी हाय," जैबूनमामी सांगतात. "डाक्टरला दावलं. डाक्टर म्हनला, ग्यास हाय."

डॉक्टरांचंही मामांपुढे चालत नाही. रक्तदाब मोजायला पट्टा बांधला की मामा हात मागं घेतात. "आज नगा मोजू. पुनवंचं उधाण हाय. जास्तच दावणार."

मामा मूळचे मंडपवाले. शहराच्या जुन्या भागात, नदीकडे उतरत जाणाऱ्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गोदाम होतं. वासे, ताडपत्र्या, झालरी, आणि एकावर एक रचलेल्या खुर्च्यांचे मनोरे. मी जयसिंगपूरजवळच्या खेड्यातून कॉलेज शिकायला आले, तेव्हा वडिलांनी मला त्यांच्या माडीवरच्या खोलीत ठेवलं. वडील शाळेची पायरी न चढलेले. हात जोडून म्हणाले, "पोरीला जपा." मामा म्हणाले, "पावणं, माझ्याकडं हजार खुर्च्या हायत. गावभर जात्यात आणि रात्री घरला येत्यात. ही तर एकच हाय."

त्यांनी मला जपलं. मी बी.एस्सी. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. निकाल कळला त्या दिवशी मामांनी गल्लीत मंडप घातला. झालरींचा, झुंबराचा, कमानीचा. कमानीवर 'शुभविवाह' लिहिलेलं होतं, कारण दुसरी कमान नव्हती. पुढे दोन दिवस बाजारातली माणसं मला नवऱ्याचं गाव विचारत होती. मी आज एका हायस्कुलात विज्ञान शिकवते, मामा मला 'मास्तरीणबाई' म्हणतात, आणि शाळेतल्या सत्कारात हार गळ्यात पडला की मला अजून ती कमान आठवते.

तर अशा या घाटावरच्या माणसाला समुद्र लागला कसा?

एका हौशी पार्टीनं ठरवलं, लग्न समुद्रकिनारी करायचं. मंडप अर्थात मामांचा. मामांनी तोवर समुद्र पाहिला होता, पण हलताना पाहिला नव्हता. ते पहाटे सामानाची गाडी घेऊन एका खाडीच्या तोंडाशी पोचले. समोर वाळूचं हे एवढं सपाट मैदान. खड्डा नाही, दगड नाही, वर विजेची तार नाही. मामा हरखून गेले. सायकलवरून चाललेला गावचा एक माणूस थांबला आणि म्हणाला, "अहो, इथं पाणी येईल." मामा म्हणाले, "नगं पावणं, आमी आणलंय."

अकराच्या सुमारास खुर्च्या गोव्याच्या दिशेनं निघाल्या. कामाची पोरं त्यांच्यामागं पोहत होती, नवरीची आत्या किनाऱ्यावरून मामांच्या सात पिढ्या काढत होती, आणि मामा कमरेएवढ्या पाण्यात कमानीचा खांब धरून भलतीकडेच बघत उभे होते.

खाडीच्या तोंडाशी वाळूची एक जीभ तेवढी कोरडी राहिली होती. तिच्यावर पाखरं उतरत होती. ही चिखलात चालणारी, लांब पायांची पाखरं हिवाळ्यात कुठून कुठून येतात. ओहोटी असली की ती मैलभर पसरलेल्या चिखलात पांगतात आणि आपापलं टिपत बसतात. भरती आली की चिखल बुडतो. मग लहान-मोठी, सगळ्या जातींची पाखरं उरलेल्या कोरड्या जागेवर गोळा होतात आणि दाटीनं उभी राहून पाणी उतरायची वाट बघतात. हे सगळं मी नंतर वाचलं. मामांनी त्याचं वर्णन वेगळं केलं होतं.

"मास्तरीणबाई, जलमभर मी मानसं बसवली. शंभर मानसं एका जाग्यावर बसवायची म्हंजे भांडण ठरल्यालं. आमचा पावणा मागं का, त्येचा फुडं का. आणि ही बिनआवतनाची पाखरं. खुर्ची न्हाई, सतरंजी न्हाई, बसा म्हणायला कुणी न्हाई, तरी एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर न्हाई. पंगत बसावी तर अशी."

त्या दिवसापासून भरती विचारल्याशिवाय मामांनी कुठलंही काम धरलं नाही. कोल्हापुरातलंसुद्धा. आणि दर हिवाळ्यात, उधाणाच्या दिवशी, लग्नाला घालायचा इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून ते पहाटेच्या एसटीनं घाट उतरू लागले. जातात कुठल्या गावाला हे कुणाला सांगत नाहीत. "सांगितलं की समदं कोल्हापूर येतंय. मग पाखरं कुठं हुबारायची?" मी त्यांना दुर्बीण घेऊन देऊ का म्हणून विचारलं, तर रागावले. "पावण्याला दुर्बिणीतनं बगत्यात व्हय?"

पाखरांची नावं त्यांनी स्वतःच ठेवली आहेत. लांब वाकड्या चोचीचा जो मोठा पक्षी मान उंच करून सगळ्यांकडे तुच्छतेनं बघतो, तो 'वरबाप'. काळ्या-पांढऱ्या अंगाचे लाल चोचीचे ते 'बँडवाले'. लाटेमागं पळत जाणारे आणि लाट वळली की तुरुतुरु परत येणारे पांढुरके चिमुकले, ते 'वाढपी'. आणि थोडं धावून एकदम थांबणारा, इकडंतिकडं बघून पुन्हा धावणारा एक आहे, त्याचं नाव 'आहेराचं पाकीट हरवल्याला'. मी ग्रंथालयातून पुस्तक आणून दाखवलं. "मामा, ह्याला चिखल्या म्हणतात."

"त्येला इचारलं हुतं का कुणी?" मामा म्हणाले. "चिखल्या म्हन म्हणून?"

मग तो मोठा पूर आला. आमच्या गल्लीत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. उंचावरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये सगळी गल्ली जाऊन पडली. मामांचं गोदाम पाण्याखाली, आणि मामा हॉलमध्ये सतरंज्या अंथरत होते. म्हाताऱ्या भिंतीकडं, घोरणारे खिडकीकडं, नळावरून भांडलेल्या दोघी दोन टोकांना. नळावरून भांडलेल्या दोघी तिसऱ्या दिवशी एका पांघरुणात झोपल्या होत्या.

पाणी ओसरलं, घरं धुतली, पण भिंतींची ओल गेली नाही. एकेक कुटुंब उंच जागा बघून निघून गेलं. कुणी उपनगरात, कुणी शिरोलीला मुलाच्या कारखान्याजवळ. मामांनी कुजलेलं सामान भंगारात घातलं आणि ते तिसऱ्या मजल्यावर गेले, जिथं जिन्यात पावलं वाजली की मामी दार उघडून बघतात आणि पावलं चौथ्या मजल्यावर जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर गल्लीचा गट आहे. त्यावर रोज सकाळी फुलं येतात. भेट होते ती मयतीला, आणि तिथूनही सगळे गाडीला पार्किंग नाही म्हणून लवकर निघतात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका मयतीहून आम्ही रिक्षानं परत येत होतो. मामा म्हणाले, "मास्तरीणबाई, गल्ली एकडाव एका जाग्यावर आली पायजे. कुणी मेल्याबिगर. समदी पिकल्यात आता. ह्या वर्साला न्हाई झालं तर ऱ्हायलंच."

ते बोलले आणि मीही कामाला लागले. ठरलं असं, की पौषातल्या पौर्णिमेच्या रविवारी सगळ्या गल्लीला मामांच्या खाडीवर न्यायचं. मी गटावर व्यवस्थित शुद्धलेखन तपासून निरोप टाकला, 'येत्या रविवारी पक्षी पाहण्यास जावयाचे आहे.' एकानं हात जोडले. एकीनं फूल टाकलं. आणि सर्जेदादांनी विचारलं, 'पक्षी म्हंजे? गावठी का बॉयलर?'

सर्जेदादा म्हणजे आमच्या गल्लीचा मटणातला शेवटचा शब्द. बारसं असो की निवडणूक, डेचक्यापाशी तेच. दुसऱ्या कुणी झाकण उघडलं तर ते जेवत नाहीत.

"कोल्हापूरचं मानूस पाखरू बगाय घाट उतरत न्हाई," मामी म्हणाल्या. "मटण हाय म्हणा."

मी दुसरा निरोप टाकला. एक मोठी गाडी ठरवली होती, ती पुरेना. आणखी एक करावी लागली.

रविवारी दहाच्या आत आम्ही खाडीवर होतो. मामा पांढऱ्या झब्ब्यात, दारात उभं राहिल्यासारखे प्रत्येकाला हात धरून गाडीतून उतरवत होते. "या, या. पाय जपून." गुडघे धरून उतरणाऱ्या म्हाताऱ्या, टोप्या घातलेली नातवंडं, सुना, आणि शेवटी सर्जेदादा डेचक्यासकट.

"मामा, पाणी कुठवर येतंय हितं?" सर्जेदादांनी विचारलं.

मामांची छाती फुगली. "त्या जिभंवर सोडून समदीकडं. जिभंवर कवाच येत न्हाई."

एवढं सांगून ते गाड्या लावायची जागा बघायला रस्त्याकडे गेले. मी गाडीपाशी पिशव्या उतरवत राहिले. त्यात पाऊण तास गेला. आम्ही दोघं परत आलो तेव्हा वाळूच्या जिभेवर, बरोबर मधोमध, तीन दगडांची चूल पेटली होती. ताडपत्री अंथरली होती. कांदा चिरून झाला होता. मटण अर्धं शिजत आलं होतं आणि सर्जेदादा पळी घेऊन उभे होते. पाणी जिथं येत नाही तिथं चूल मांडावी, हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

पाणी चढत होतं. थोड्याच वेळात खाडीवरून पहिला थवा आला. एका वळणाला तपकिरी, दुसऱ्या वळणाला पांढरा, सगळे एकदम वळत होते. थवा जिभेवर आला, खाली झुकला, आणि आम्हाला बघून पुन्हा वर गेला. मग दुसरा आला. मग तिसरा. आभाळात पाखरं फिरू लागली आणि उतरायला जागा नव्हती.

"मामा, ही का घिरट्या घालत्यात?" सर्जेदादा वर बघून म्हणाले. "वास लागला व्हय मसाल्याचा?"

"सर्जा, जागा त्यांची हाय ही."

"सातबारा हाय का त्यांच्या नावावर?"

सगळे हसले. मामा हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "पावणं दारात आल्यात, आणि आपून त्येंच्या पाटावर बसलोय. दुसरी जागा न्हाई त्येंस्नी. पाणी उतरंपतोर उडतच ऱ्हाणार बिचारी."

"बरं मग? डेचकं हलवू म्हनता? अर्धं शिजल्यालं?" सर्जेदादांचा आवाज चढला. "मटण मधीच उतरवलं तर माझं नाव काय ऱ्हाईल? मी चाललो गाडीत बसायला. तुमी आणि तुमची पाखरं."

मी मामांकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. आमची गल्ली त्यांना पाठ होती. सर्जेदादा गाडीत जाऊन बसले की त्यांची बायको जाणार, तिच्यामागं तिची जाऊ, मग 'असं बोलायला नको होतं' म्हणणारे आणि 'बरं झालं बोलले' म्हणणारे दोन वेगळ्या गाड्यांत. सहा महिन्यांची खटपट एका पळीवरून मोडणार होती. आणि वर पाखरं फिरत होती. वरबाप ओरडत होता, तो आवाज तर ऐकवत नव्हता.

मामांनी कुणाला सांगितलं नाही, कुणाची समजूत घातली नाही. ते वाकले, ताडपत्रीचं एक टोक धरलं आणि पूर्वी मंडपाचा वासा उचलताना द्यायचे तशी हाक दिली, "हां, लावा रं हात."

आमच्या गल्लीतला प्रत्येक पुरुष पोरवयात मामांच्या मंडपाला फुकट राबलेला आहे. ती हाक ऐकल्यावर विचार कुणी केला नाही. हात आपोआप गेले. ताडपत्री उचलली, दगड उचलले, चिरलेला कांदा सुनेनं पदरात घेतला. साठीचे लोक "वर, वर, डावीकडं" म्हणत चालू लागले. डेचक्यापाशी एकटे सर्जेदादा राहिले.

"दादा," मामी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "शिव्या घरी गेल्यावर द्या. आता कडी धरा. दुसरी मी धरत्या."

"तुमी नगा धरू, वैनी," सर्जेदादा चिडून म्हणाले. "तुमी तिरकं कराल."

जवळच एक जुना दगडी धक्का होता, होड्यांसाठी बांधलेला, दोन माणसं कशीबशी शेजारी उभी राहतील एवढ्या रुंदीचा. तिकडे आमची वरात निघाली. पाणी घोट्याला, मग पोटरीला. पुढं मामा, मागं म्हाताऱ्या, मधोमध नवरदेवासारखं डेचकं, आणि त्याला धरून पाण्याला, पुनवेला आणि पक्षिजातीला शिव्या देत सर्जेदादा. आम्ही धक्क्यावर चढलो तोवर रस्त्याकडची वाट पाण्याखाली गेली होती. आता पाणी उतरेपर्यंत कुणालाच कुठं जाता येणार नव्हतं. दगड मांडायला जागा नव्हती, म्हणजे चूलही नव्हती. आम्ही एकमेकांच्या खांद्याला, कमरेला, पदराला धरून उभे होतो.

आणि जिभेवर पंगत बसली.

आधी वाढपी उतरले, मग पाकीट हरवलेले, मग बँडवाले, आणि सगळ्यांत शेवटी, सगळे बसलेत ना ते बघून, वरबाप. थवे येत गेले आणि जीभ दिसेनाशी झाली. गल्ली गप्प झाली. आमची गल्ली गप्प झालेली मी ती एकदाच पाहिली.

"आयला," थोड्या वेळानं सर्जेदादा कुजबुजले, "धक्काबुक्की न्हाई की वो."

"एका पायावर का हुबी काही काही?" एका म्हातारीनं विचारलं.

"दुसऱ्या पायानं जागा धरून ठेवल्या," मामा म्हणाले.

हळूहळू सगळे दाटीवाटीनं खाली बसले, पाय पाण्याच्या बाजूला सोडून. बसताना पाय घोट्यापर्यंत भिजले तशा बायका हसल्या. मग बोलणं सुरू झालं. कुणाच्या गुडघ्याचं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या घरी आता मांजर आहे त्याचं. नळावरच्या दोघी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून बसल्या होत्या, कारण टेकायला दुसरं काही नव्हतं. सर्जेदादा डेचकं मांडीशी धरून जुन्या गल्लीतल्या एका बारशाची गोष्ट सांगत होते आणि ती सगळ्यांना माहीत असल्यामुळे सगळे मिळून सांगत होते. मी मामांना म्हटलं, "मामा, तिकडं बघा की, काय दिसतंय." मामा म्हणाले, "बगतोय की." त्यांची पाठ जिभेकडे होती.

बराच वेळ गेला. माझी नजर धक्क्याच्या दगडांवर गेली. दगडांवर वीतभर उंचीचा ओला काळा पट्टा उमटला होता. समोर जिभेच्या कडेनं दोन-चार पाखरं उठून पुन्हा चिखलाकडे निघाली होती.

"मामा," सर्जेदादांनी विचारलं, "उतरलं का पाणी? भूक लागल्या की."

मामांनी वाकून दगडांकडे बघितलं. ज्या माणसानं पुनवेचं उधाण आहे म्हणून डॉक्टरला रक्तदाब मोजू दिला नव्हता, त्यानं नीट बघितलं आणि सांगितलं, "न्हाई अजून. चढतंय."

सर्जेदादा माझ्याकडे वळले. "व्हय काय, मास्तरीणबाई? तुमी शिकल्याल्या."

मी नववीला भरती-ओहोटी शिकवते. आकृतीसहित.

"व्हय दादा," मी म्हटलं. "चढतंय अजून."

"मग बसा की," सर्जेदादा म्हणाले, आणि डेचकं दुसऱ्या मांडीवर घेऊन त्यांनी गोष्ट पुढे सुरू केली. धक्क्याच्या कडेनं सगळ्या गल्लीचे पाय खाली सोडलेले होते, आणि त्यातला एकही आता पाण्याला लागत नव्हता.